मेलेल्या रणगाड्याला खीर

रस्त्याच्या कडेला भोपळे मांडले गेले की मला कळतं, पितर निघालेत. पंचांग उघडावं लागत नाही. जर्मनीतल्या एर्लांगेनहून आमच्या खेड्याकडे येणारी बस जिथं वळून परत जाते, तिथं एक शेतकरी जुन्या हातगाडीवर केशरी, हिरवे, वेडेवाकडे भोपळे रचतो आणि निघून जातो. इथली माणसं त्यांचं सूप करतात, नाहीतर डोळे-दात कोरून दारात बसवतात. मी वर्षातून एकदा एक भोपळा काखेत मारून आणते, पितरांच्या भाजीसाठी. मका कापून नेलेला असतो. खुंटांच्या रांगांत सकाळचं धुकं अडकून राहतं. ऊन येतं, पण सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं. जरा टेकतं, घड्याळ बघतं आणि निघतं.

यंदा भोपळा घेऊन परत येताना मी आणि माझी नात इरा रेल्वेच्या फाटकात अडकलो. मालगाडी जात होती. उघडे डबे, आणि प्रत्येक डब्यावर साखळ्यांनी जखडलेला एकेक रणगाडा. तोफा मागं वळवून बांधलेल्या, मानगूट धरून नेलेल्या कोंबड्यांसारख्या. इरा बारा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. तिनं आधी मोजायचा प्रयत्न केला, मग कंटाळून विचारलं, "वोहिन?" म्हणजे, कुठं चाललेत?

"पूर्वेकडे," मी म्हटलं. "माझ्या वेळीही तिकडंच तोंड करून उभे होते."

"इमर नोख?" म्हणजे, अजून?

अजून. मी भोपळा फाटकाच्या खांबावर टेकवला. दंड भरून आला होता. गाडी संपतच नव्हती.

इराला तेव्हा सांगितलं नाही, पण त्या रणगाड्यांशी आमच्या घराचं दोन दिवसांपूर्वीच नवं नातं जुळू घातलं होतं. तिचा बाप, माझा मुलगा समीर, मोटारींचे गिअरबॉक्स करणाऱ्या कारखान्यात पंधरा-सोळा वर्षं आहे. तो विभाग या हिवाळ्यात बंद होणार. त्याच आवाराचा अर्धा भाग दुसऱ्या कंपनीनं घेतलाय आणि तिनं समीरला बोलावलंय. तेच आवार, तीच गाडी लावायची जागा, काम पुन्हा गिअरबॉक्सचंच, फक्त ते रणगाड्यात बसणार. सोमवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं.

शनिवारी घरात पितरांचं पान होतं. त्यामुळं मधला सगळा वेळ समीर घरात असा फिरत होता, जणू काहीतरी शोधतोय आणि काय शोधतोय तेच विसरलाय. फ्रिज उघडायचा, बंद करायचा. सून मुग्धा मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "आई, तुम्ही काहीतरी बोला ना त्याच्याशी. माझ्याशी बोलताना तो फक्त 'आल्झो... तर मग...' म्हणतो आणि गप्प होतो."

"मी काय बोलू? मी तर या विषयातली पंडिता," मी म्हटलं. ती हसली, कारण ते या घरातलं जुनं हसू आहे.

*

पंडिता होते मी. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका भाद्रपदात, इथून अर्ध्या तासावरच्या एका खेड्यात. हे, म्हणजे माझे यजमान, नगरच्या एका कारखान्याकडून वर्षभरासाठी एर्लांगेनला कामाला आले होते आणि मी त्यांच्या मागून. तेव्हाची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. पाचवारी साडी, वर नवऱ्याचा ओव्हरकोट, पायात घरमालकिणीचे रबरी बूट, नाकावर बशीएवढा चष्मा, पोटात चार महिन्यांचा समीर आणि डोक्यात अमेरिकन रणगाडा.

नगरच्या मुलीला हा आजार होणं नवलाचं नव्हतं. आमच्या लहानपणी लष्कराचे रणगाडे सरावाला निघाले की मांडणीतली भांडी वाजायची आणि आई म्हणायची, "निघाली वरात." पासष्टच्या लढाईनंतर पकडून आणलेला एक अमेरिकी बनावटीचा पॅटन कॅम्पात उभा केला होता. शाळेनं आम्हाला तो दाखवायला नेलं. बाईंनी सांगितलं, "अजिंक्य म्हणवत होता, पंजाबच्या उसात रुतला." बाकीच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी हात लावून पाहिला. उन्हानं तापला होता, तव्यासारखा. मला वाटलं, हा बनवणाऱ्यांना ऊस माहीत नसेल का? त्या एका शंकेवर मी पुढं एम.ए. केलं आणि पीएच.डी.ला नाव घातलं. विषय: अमेरिकन चिलखती दलाची वाढ आणि त्यामागचा युद्धविचार. सासरेही असे मिळाले की विचारू नका. मामंजी लष्करी वर्कशॉपमध्ये फिटर. उभी हयात अमेरिकेत बनलेल्या शर्मन रणगाड्यांची पोटं उघडण्यात गेली. मला बघायला आले तेव्हा इतरांनी स्वयंपाकाचं विचारलं, मामंजींनी विचारलं, "ग्रीसचा वास चालतो का?" मी म्हटलं, चालतो. लग्न ठरलं.

म्हणजे आमच्या घरातलं अन्न रणगाड्याच्याच हातून आलेलं. हे मी विसरत नाही. विसरता आलं असतं तर समीरला काय सांगायचं ते सोपं झालं असतं.

तर मी न्यूरेंबर्गच्या वाचनालयातून पुस्तकं आणायचे आणि दिसेल त्याला शिकवायचे. सगळ्यात जास्त सापडायची ती आमची घरमालकीण, फ्राऊ क्राउस. पन्नाशीची, विधवा, हात कुदळीसारखे. मला 'फ्राऊ प्रोफेसर' म्हणायची. तिचं बोलणं खेडवळ, माझं जर्मन चार महिन्यांचं, तरीही मी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बटाटे मांडून तिला युद्धशास्त्र सांगायचे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत रणगाडे कायद्यानंच पायदळाच्या हवाली केले होते. घोडदळालाही हवे होते. मग घोडदळानं रणगाडेच घेतले, पण त्यांना रणगाडा म्हणायचं नाही, 'लढाऊ गाडी' म्हणायचं ठरवलं. यांना मी समजावलं होतं, "आम्ही बायका नाही का तुमचं नाव न घेता 'अहो'वर संसार करत? तसंच." पुढं जर्मनांनी फ्रान्स चिरडला तेव्हा कुठं अमेरिकेनं घाईघाईनं वेगळं चिलखती दल उभारलं. तेव्हा त्यांचा विचार असा की आपल्या रणगाड्यानं शत्रूच्या रणगाड्याशी भांडतच बसू नये; फळी फोडून मागं घुसावं, धुमाकूळ घालावा. शत्रूचे रणगाडे मारायला वेगळ्या हलक्या गाड्या. कागदावर इतकं सुबक! प्रत्यक्षात शत्रूचा रणगाडा समोर आला की त्याला थोडंच सांगता येतं, थांब बाबा, तुझा माणूस मागून येतोय? शर्मनमधल्या पोरांनी त्या सुबकपणाची किंमत जळून मोजली.

हे सगळं मी बटाट्यांवर सांगायचे. बटाटा जळतोय असं सांगताना माझा आवाज जरासुद्धा हलायचा नाही, उलट चढायचा. बाण काढायची भारी हौस. इथून एक बाण, तिथून वळसा, मागं गाठायचं. मग त्या वर्षीचा नवा विचार: पूर्वेकडून रशियन रणगाड्यांची लाट आली तर नुसतं अडवत बसायचं नाही, लाटेमागच्या लाटेवर आत खोल मारायचं, जमिनीवरून आणि आकाशातून एकदम. मी तर खूश. टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला, मिठाच्या बरणीपर्यंत बाण.

हे दारात उभं राहून म्हणाले, "तुझी दुसरी लाट मारून झाली असेल तर बटाटे सोलायला दे. भूक लागलीय."

फ्राऊ क्राउस मात्र बटाट्यांकडे बघत बसायची. एकदा तिनं माझा एक बटाटा उचलला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. म्हणाली, "हे गाव."

मी म्हटलं, "गाव नकाशात इतकं मोठं नसतं."

ती म्हणाली, "जा, जा." म्हणजे, हो, हो. आणि सोलायला सुरी घेतली.

*

त्या काळी इथं दरवर्षी शेतं रिकामी झाली की अमेरिकन सैन्याचा सराव असायचा. आपल्याकडे सुगीनंतर जत्रा, तशी इथं मॅन्युव्हर. सगळा मुलूखच रणांगण. सकाळी दूध आणायला निघावं तर चौकात चिलखती गाड्या. पोरं त्यांच्यामागं च्युइंगमसाठी धावतायत. रस्त्यांवर चिखलाच्या लाद्या. घरांच्या कोपऱ्यांना लाकडी ओंडके बांधलेले, वळताना भिंत जाऊ नये म्हणून. जुनी माणसं खिडकीत कोपर टेकून बसायची, सर्कस आल्यासारखी. ओला धूर, तुडवलेल्या बीटचा गोडसर वास. आजही कुठं बीट उकडलं की माझ्या पायाखालची जमीन थोडी हादरते.

आणि पंच. सरावाला पंच असतात, हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होतं, पण पाहिलं तेव्हा हसूच आलं. दंडाला पांढरी फीत, छोट्या गाडीतून हिंडायचं आणि सांगायचं, कोण मेलं. पंच म्हणाला मेलास, की मेलास. रणगाड्यावर निशाण लावायचं, इंजिन बंद करायचं आणि तो 'परत जिवंत झालास' म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही.

मामंजींचं पान त्या वर्षी शनिवारी आलं. यांना सुट्टी. मी पहाटेपासून स्वयंपाकाला लागले. तांदळाची खीर, कढी, वडे, भोपळ्याची भाजी. भोपळा बघून फ्राऊ क्राउस म्हणाली होती, आम्ही हा डुकरांना घालतो. दुपार व्हायला आली. मी स्टीलच्या ताटात पान वाढलं, मामंजींच्या वाटीत खीर घातली. वाटीच्या कडेवर त्यांचं नाव कोरलेलं: ना. रा. गुंजाळ. ते वारल्यावर सासूबाईंनी ती माझ्या ट्रंकेत घातली होती. तिकडं परदेशात पोराचा बाप सोबत असू दे म्हणून.

घास घेऊन हे अंगणात उभे राहिले. आता कावळा हवा.

कावळे होते. शेकड्यांनी होते. पण पलीकडच्या शेतात. रणगाड्यांनी रात्रभर माती उकरून ठेवली होती आणि किडे वर आले होते. अशी मेजवानी टाकून माझ्या भाताला कोण विचारतो? हे 'काव काव' करून बघतायत. शेजारचा म्हातारा कुंपणावरून डोकावतोय. मी ओरडतेय, "अहो, जरा मोठ्यानं करा, ते जर्मन कावळे आहेत."

तेवढ्यात गल्लीत तो आला. नव्या जातीचा रणगाडा; घरघर नाही, खडखड नाही, नुसती शीळ. मांजरासारखा कोपऱ्यावरून वळला आणि आमच्या फाटकासमोर थांबला. पाठीमागून गरम हवेचा असा झोत, की फ्राऊ क्राउसच्या दोरीवरच्या चादरी फुगल्या. ती बाहेर आली, चादरींना हात लावून बघितलं, आणि बाकीचे ओले कपडेही आणून दोरीवर टाकले. तेवढ्यात चर्चच्या बाजूनं पंचाची छोटी गाडी आली. पंच उतरला, चर्चकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला आणि रणगाड्यावर निशाण लावून निघून गेला. शीळ विझली. कपडे ओलेच राहिले.

फ्राऊ क्राउस मला म्हणाली, "मेले."

मी यांच्याकडे बघितलं. यांनी माझ्याकडे. यांच्या हातात घास, गल्लीत मेलेली माणसं, घरात पितरपाठ. "नाही हां," हे म्हणाले. "अगं, काहीतरी काय! शास्त्र आहे."

"शास्त्रात पितरांना जेवू घालायचं आहे की कावळ्यांना?" मी म्हटलं. "आणि हे मेलेत. अधिकृत."

मी ताट उचललं आणि ओव्हरकोट सावरत निघाले. आज विचार करते, त्या बाईला काय म्हणावं. मला वाटत होतं, मी फार मजा करतेय. आणि त्याहून लाज वाटण्यासारखं म्हणजे मनात मी प्रश्न तयार केले होते: नव्या युद्धविचाराबद्दल चालकदलाचं मत काय?

रणगाड्यावर चौघं होते. त्यांचा सार्जंट माझ्याच वयाचा, काळासावळा, डोळ्यांखाली चिखल आणि जागरण मिसळलेलं. मी इंग्रजीत विचारलं, तुम्ही मेलात का? तो म्हणाला, "हो बाई. नुकतेच."

"मग जेवून घ्या. आमच्यात या दिवसांत मेलेल्यांना जेवायला घालतात."

 तो खाली उतरला, हातमोजे काढले, पाण्याच्या डब्यातून हात धुतले. हात धुतले हे माझ्या लक्षात राहिलंय. चौघांनी रस्त्याच्या कडेला बसून जेवण केलं. भोपळा संपवला. कढी प्यायले. हे आतून आणखी वडे घेऊन आले. एकदा शास्त्र मोडलं की हे मागं हटणाऱ्यातले नव्हते. फ्राऊ क्राउसनं पाव आणला. ती चादरीखाली उभी होती. म्हणाली, "पंचेचाळीसला इथंच एक थांबला होता. तेव्हा आम्ही चादरी वाळवायला नव्हत्या बाहेर टांगल्या, शरण आलो म्हणून टांगल्या होत्या." मी ते सार्जंटला इंग्रजीत सांगितलं. त्यानं मान हलवली आणि पावाचा तुकडा हातातच धरून ठेवला.

मग मी माझा प्रश्न काढला. दुसऱ्या लाटेवर खोलवर मारण्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?

तो म्हणाला, "बाई, सोमवारपासून मी तिसऱ्यांदा मेलोय. दर वेळी झोप लागायच्या आत उठवतात." मग नावाच्या वाटीतली खीर त्यानं बोटानं पुसून खाल्ली आणि विचारलं, "हे कुणासाठी आहे?"

मी सांगितलं, माझ्या सासऱ्यांसाठी. ते तुमच्या देशाचे रणगाडे दुरुस्त करायचे.

त्यानं डोक्यावरचं शिरस्त्राण काढून मांडीवर ठेवलं. रणगाड्याच्या चाकाला पाठ टेकली आणि बसल्याबसल्या झोपला. तोंड उघडं. आम्ही सगळे आवाज न करता उभे. इतकं मेलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

पंच आला तेव्हा फार वेळ झाला नसावा. त्यानं निशाण काढलं आणि सांगितलं, जिवंत. सार्जंट उठेना. हलवला तेव्हा डोळे न उघडता म्हणाला, "दहा मिनिटं आणखी मेलेला राहू दे." पंच हसला, आम्हीही हसलो. मग ते चढले, शीळ सुरू झाली, चादरी फुगल्या, रणगाडा जागच्या जागी वळला आणि गेला. संध्याकाळी रस्त्यावरचा चिखल झाडताना फ्राऊ क्राउसला वाटी सापडली. कुणीतरी ती रणगाड्याच्या चाकांवरच्या साखळीपट्ट्यावर ठेवली असणार आणि घाईत विसरला असणार. भाकरीसारखी चपटी. नाव मात्र शाबूत, किंचित लांबलेलं: ना. रा. गुंजाळ.

हे म्हणाले, "बाबांनी नवा रणगाडा तपासला."

*

ही गोष्ट मी आयुष्यभर विनोदी म्हणून सांगितली. नगरला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, हळदीकुंकवाला, समीरच्या बारशाला. 'दहा मिनिटं आणखी मेलेला राहू दे' यावर नेमका हशा यायचा. प्रबंध अर्धाच राहिला. समीर झाला, नोकरी लागली, बाणांची वही कुठल्या माळ्यावर गेली देव जाणे. वाटी तेवढी राहिली. वाटी म्हणून निकामी, म्हणून मी ती दुधावर झाकण घालायला वापरते.

आता मी सत्तरीची. यांना जाऊनही काही वर्षं झाली, तेव्हापासून समीरकडे असते. टीव्हीवर रणगाडे दिसतात, डोक्यावर कोंबड्यांच्या खुराड्यासारखी जाळी बांधलेले, आकाशातून येणाऱ्या खेळण्याएवढ्या यंत्रांना घाबरून. तज्ज्ञ सांगतात, रणगाड्याचे दिवस संपले. दुसरे तज्ज्ञ सांगतात, आणखी हजारो हवेत. दोघंही नकाशावर बाण काढतात. मला ते तरुण तज्ज्ञ बघून माझा चष्मा आठवतो. त्यांना सांगावंसं वाटतं, बाबांनो, मधोमध एक बटाटा ठेवून बघा. पण मी टीव्ही बंद करते. सांगायचाही शीण येतो.

त्या सार्जंटचा थकवा मला तेव्हा कळला नाही. त्या वयात झोप न मिळणं ही गंमत असते. आता गुडघ्यांतून, पाठीतून, बातम्यांतून तो रोज थोडा थोडा कळतो.

*

तर परवाचा शनिवार. भोपळा झाला, खीर झाली, वडे झाले. एका पानावर दोघं: मामंजी आणि हे. चपटी वाटी घासून घेतली आणि तिच्यावर खीरभाताचा घास ठेवला. समीरनं तो बाल्कनीच्या कठड्यावर नेऊन मांडला. समोरच्या घराच्या कौलांवर एक कावळा बसला होता. धडधाकट, काळाकुट्ट, कामधाम नसलेला.

दहा मिनिटं गेली. तो येईना.

कावळा शिवला नाही की आपल्यात म्हणतात, गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, त्याला शब्द द्या. खरं तर ते दहाव्याला. पण समीरला कोण सांगणार? तो इंजिनिअर, देवाला फक्त परीक्षेच्या वेळी हात जोडलेला; कठड्याशी उभा राहून हळूच म्हणाला, "बाबा, ही नोकरी घेऊ का?"

कावळ्यानं पंख खाजवले.

"नको घेऊ?"

कावळ्यानं मान दुसरीकडे वळवली.

मुग्धा दारात उभी होती, पदर नाही म्हणून हातच तोंडाशी धरून. इरा म्हणाली, "पापा, फ्राग ईन आउफ डॉयच." म्हणजे, त्याला जर्मनमध्ये विचार. मला हसू फुटलं, पण समीर हसला नाही. त्याचे दोन्ही हात कठड्यावर होते आणि खांदे कानांपर्यंत आले होते. तो मागं न बघता बोलायला लागला. "आई, आजोबांनी तेच केलं ना? मग माझंच का अडतंय? नाही म्हटलं तर या वयात कुठं फिरू? हो म्हटलं तर... रोज रात्री मी दाते पाडतोय त्या चाकांचे. झोपेत. आणि ते गिअर फिरतात, पण पुढं काय फिरतं ते दिसत नाही. बाबा असते तर काय म्हणाले असते? तू सांग. तुला सगळं माहितीय यातलं."

सगळं माहिती असलेली बाई चाळीस वर्षांपूर्वी बटाट्यांबरोबर सोलली गेली. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांखाली तेच काळं. चिखल नव्हता एवढंच.

मी खांद्यावरचा पांढरा नॅपकिन काढला आणि त्याच्या दंडाला बांधला.

"हे काय?"

"तू मेलास," मी म्हटलं. "मी पंच. संध्याकाळपर्यंत तू मेलेला. मेलेल्याला कुणी काही विचारायचं नाही, त्यानं काही ठरवायचं नाही. हात धू आणि जेव."

"आई, मस्करी नको."

"पंचाशी हुज्जत घालायची नाही. फाउल धरीन."

इरा आनंदानं ओरडली, "पापा इस्ट टोट!" म्हणजे, पापा मेला, आणि तिनं त्याचा फोन उचलून फ्रिजवर ठेवला. तो जेवला. अगोदर उगाच, मग भुकेनं. दोनदा खीर घेतली. मग सोफ्यावर आडवा झाला आणि झोपला. तोंड उघडं. मुग्धानं अंगावर पांघरूण घातलं आणि तिथंच जमिनीवर बसून राहिली. कित्येक आठवड्यांत तो असा झोपला नव्हता, म्हणाली. आम्ही भांडी न वाजवता आवरली.

दिवे लागले तरी मी त्याला उठवलं नाही. पंच उशिरा आला म्हणून कुणाचं काय बिघडतं? शेवटी इरानंच जाऊन नॅपकिन सोडला. "पापा, दू लेब्स्ट." जिवंत आहेस.

तो उठून बसला, चेहरा चोळला. म्हणाला, "सोमवारी मी 'नाही' सांगणार आहे."

मुग्धानं विचारलं, "नक्की?"

"नक्की नाही. पण जागा झालो तेव्हा हेच तोंडात होतं. आजोबांचं बरोबर असेल, ते दुरुस्त करायचे. मला नाही जमणार. बघू दुसरीकडे." मग माझ्याकडे बघून, "आई, तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं ते मलाही पुरतं माहीत नव्हतं. शेजारघरांत लोक तेच काम करायला निघालेत, आणि ते वाईट लोक नाहीत. हिवाळा येतोय. मी एवढंच म्हटलं, "कढी गरम करू का?"

त्यानं बाल्कनीकडे बघितलं. अंधारात वाटी तशीच, घास तसाच. त्याचा चेहरा पुन्हा जरासा उतरला. "बाबांनी नाही घेतलं," तो म्हणाला आणि कढी प्यायला.

रविवारी मी सगळ्यांच्या आधी उठते. सवय. धुकं कठड्यापर्यंत आलेलं. वाटी चाटूनपुसून लख्ख, नाव वाचता येईल इतकी. मी ती उचलतच होते तेवढ्यात समीर मागं येऊन उभा राहिला. केस विस्कटलेले, पाय अनवाणी, लहानपणी उठायचा तसा.

"आई, शिवला?"

"शिवला."

"तू बघितलंस?"

"या डोळ्यांनी."

त्यानं मोठा श्वास सोडला आणि कॉफी ठेवायला आत गेला. आत जाताना शीळ घालत होता.

मी बघितलं होतं, हे खरंच. राखाडी होता. खालच्या मजल्यावरच्या बाईंचा, चार पायांचा, मिशांना खीर लागलेला. मला बघून कठड्यावरून सावकाश उतरला, अजिबात न लाजता. पण तो कावळा नव्हता असं म्हणायला माझ्याखेरीज तिथं कुणी पंच नव्हता, आणि या पंचानं निकाल देऊन टाकलाय.